कोयत्याखालचा माणूस

केळीचा घड कापायला दोन माणसं लागतात. एक कापणारा, एक खाली खांदा देणारा. कापणारा खोडावर बेताचा घाव घालतो, झाड हळूहळू वाकतं आणि घड खाली येतो. खांदा देणारा तो गादी लावलेल्या खांद्यावर झेलतो. मग कापणारा त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर कोयता मारून दांडा तोडतो. खांदा देणाऱ्याला वर बघता येत नाही. मान वाकडी करून, जमिनीकडे डोळे लावून तो उभा असतो. कोयता कुठं पडणार ते फक्त कापणाऱ्याला माहीत.

मी कापणारा होतो. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं, फैजपूरच्या आजूबाजूचे मळे. माझा जोडीदार सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून यायचा. वयानं थोडा मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. तो मला रत्नागिरी म्हणायचा, कारण मी तिकडचा. दिवसभरात आमचं बोलणं फार व्हायचं नाही. पण मी घाव घातला की तो नेमका तिथं येऊन उभा असायचा, आणि त्याची मान वळली की माझा कोयता निघायचा. आमच्या जोडीला मळेवाले मुद्दाम बोलावून घ्यायचे, कारण आमच्या हातून घड आपटत नसे, केळ्याला डाग पडत नसे.

एका सकाळी माझा कोयता घसरला. भाऊला लागलं नाही. त्याच्या खांद्यावरची गादी त्याच्या बायकोनं जुन्या गोधडीचे तुकडे एकावर एक शिवून केली होती. कोयत्याचं टोक गादीच्या शिवणीत शिरलं आणि आतल्या चिंध्या बाहेर आल्या. त्यानं घड नेऊन ट्रकमध्ये, पाल्यावर, नेहमीसारखा अलगद ठेवला. परत आला, गादी काढली आणि बांधावर ठेवली.

"तुन्हा हात थिर नही," तो म्हणाला. "थिर व्हई तवय माले बोलाव."

मी म्हटलं, "भाऊ, एकदा घसरला. उद्यापासून..."

"उद्याचं उद्या," तो म्हणाला आणि मुकादमाकडे निघून गेला.

त्याचं खरं होतं. सकाळी चहाला बसलो की माझी बशी डचमळायची. सगळे बशीत ओतून फुर्र फुर्र प्यायचे, मी पेला दोन्ही हातांत धरून प्यायचो आणि म्हणायचो की मला चहा गरमच लागतो. हात थिर करायचा एकच उपाय मला ठाऊक होता, आणि तो मळ्यात यायच्या वाटेवरच, पत्र्याच्या टपरीत मिळायचा. तो उपाय केला की हात थांबायचा, पण नजर हलायची. त्या दिवशी तेच झालं होतं.

मी राजापूरकडच्या एका वाडीतला. सहावीत शाळा सुटली. आंब्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. इंदूरला माल उतरवून परत येताना ट्रक केळी भरायला इकडं थांबला, ड्रायव्हरशी माझी कुरबुर झाली आणि मी खाली उतरलो. उतरलो तो उतरलोच. घरी आई सांगायची, मुलगा जळगावला कंपनीत आहे. मी तिची समजूत मोडली नाही. परमुलखात माझं म्हणावं असं एवढंच होतं, कापणाऱ्याचा हात आणि त्या हातावर विश्वास टाकून खाली उभा राहणारा माणूस. तो माणूस गेला की मी कोणीच नव्हतो.

कापणं गेल्यावर मुकादमानं मला खांदा द्यायला लावलं. "रत्नागिरी, आता तू गादी घे. बघ जरा खालून कसं दिसतं."

खालून काहीच दिसत नाही. मला नवा कापणारा दिला होता, पोरगेलासा, जोरकस. तो घाव घालायला हात उचलायचा तेव्हा त्याच्या तोंडाचा वास माझ्यापर्यंत यायचा. तो वास मला चांगला ओळखीचा होता. मान वाकडी करून उभा राहिलो की कानामागं गार व्हायचं. कोयता हवेत असतानाचा तो क्षण किती लांबतो हे मला तोवर माहीत नव्हतं. भाऊ माझ्या कोयत्याखाली वर्षानुवर्षं असा उभा राहिला होता. त्याला माझा वास येत नसेल असं मी कोणत्या हिशेबानं धरलं होतं, कोण जाणे.

त्या आठवड्यात मी ठरवलं. याआधीही ठरवलं होतं, नाही असं नाही. माझ्या खोलीची मालकीण, सगळे तिला अक्का म्हणायचे, तिनं माझ्यासाठी काय काय केलं होतं. कुठल्याशा बाबाकडून पुडी आणून न सांगता वरणात घातली. मला ओकाऱ्या झाल्या आणि मी पुन्हा टपरीवर गेलो. मनगटाला गंडा बांधून घेतला. पेला उचलताना तो गंडा डोळ्यांसमोर यायचा, एवढंच. देवळात नेऊन शपथ घ्यायला सांगितली, तेव्हा मात्र मीच म्हटलं, "अक्का, नको. खोटी पडली तर देवाला तोंड दाखवायची सोय राहायची नाही."

मला जागा सांगितली ती एका ट्रक ड्रायव्हरनं. केळी घेऊन तो धुळ्यावरून पुढं जायचा. ट्रक भरेपर्यंत आम्ही बांधावर बसलो होतो. तो म्हणाला, "धुळ्यात एक मंडळी बसते. पिणारे. म्हणजे पूर्वी पिणारे. औषध नाही, बाबा नाही, मार नाही. नुसते बोलतात."

"बोलून सुटते?"

"काहींची सुटलीय. मी आपलं दोनदा गेलो, मग गेलो नाही." तो हसला. त्याच्या हसण्यात काय होतं ते मला कळलं. "स्टँडपासून सरळ जा. मोठ्या शाळेच्या मागच्या अंगाला खोली आहे. रविवारी दुपार कलली की बाहेर चपला दिसतील. चपला दिसल्या की आत शिर. तिथं कोणी काही विचारत नाही."

ते शेवटचं वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. मला विचारण्याचीच भीती होती. मी मुळात घाबरट माणूस. एस.टी.त बसलो तरी कंडक्टरला परत परत विचारणारा की गाडी तिथंच जाते ना.

पहिल्या रविवारी धुळ्याला पोचलो आणि कळलं की स्टँडपासून सरळ गेलं तरी दोन शाळा लागतात आणि दोन्ही मोठ्याच आहेत. एका शाळेच्या मागं गेलो तर म्हशी बांधलेल्या. परत फिरलो. दुसरीकडं जाताना घामानं शर्ट चिकटला होता आणि हात खिशातसुद्धा थरथरत होते. कोणाला विचारायचं आणि काय म्हणून? पानवाल्याला म्हटलं, "इथं एक मंडळी बसते म्हणे, बोलायला."

"कसली मंडळी? भजनी?"

"नाही. म्हणजे, माझ्या मामाला पाहिजे होतं. त्याला जरा सवय आहे."

पानवाला ओरडला, "अरे, ह्यांच्या मामाला दारू सोडायचीय! आहे का रे कोणाला माहिती?" दुकानासमोर उभे होते ते सगळे वळून बघायला लागले. एक जण म्हणाला, "मामाला पाठवा आमच्याकडं, आम्ही कंपनी देऊ." मी पुढं निघालो ते कान तापलेले घेऊन.

वळणावर चहाची गाडी होती आणि एक म्हातारी चहा विकत होती. समोरून मी किती खेपा घातल्या होत्या ते तिनं पाहिलं असणार, पानवाल्याचं ओरडणंही ऐकलं असणार. तिनंच हाक मारली, "कोठे जावानं शे रे भाऊ तुले?"

मी खरं सांगितलं. का सांगितलं ते आजही कळत नाही. बहुधा ती माझ्याकडं बघत नव्हती, स्टोव्हला हवा भरत होती म्हणून.

"आठे बठ्ठा पेवाले येतस," ती म्हणाली. बठ्ठा म्हणजे सगळे. "सोडानी जागा इचारनारा तूच पहिला." मग स्टोव्ह सोडून तिनं हातानं दाखवलं. दुसरी शाळा, मागची गल्ली, डाव्या हाताला. "पन आते ते उठी ग्यात. पुढला रविवारले ये. आनि मामानं नाव कशाले घेस? मामा बिचारा घर बठेल व्हई."

तिनं चहा दिला. मी दोन्ही हातांनी पेला धरला. तिनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

परत येताना वाटेत पारोळ्याला गाडी थांबली. स्टँडच्या समोरच दारूचं दुकान होतं. दारात माणसं उभी होती. सगळे पाय मोकळे करायला उतरले. मी उतरलो नाही. समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी पकडून बसलो. कंडक्टर म्हणाला, "लघवीला तरी जाऊन या." मी मान हलवली. गाडी हलली तेव्हा माझी बोटं दांड्यावरून सोडवावी लागली. फैजपूरला उतरलो, आणि रोजच्या वाटेनं टपरीवरून खोलीत आलो. म्हणजे त्या दिवशी हरलो. पण गल्ली कळली होती.

पुढच्या रविवारी पुन्हा निघालो. अक्कानं विचारलं, "परत धुळं? बाई ठेवलीस का रे तिकडं?" मी म्हटलं, "हो, म्हातारी आहे, चहा विकते." ती हसत राहिली आणि तिनं भाकरी बांधून दिली. त्या सकाळी मी घेतली नव्हती. जळगाव येईपर्यंत घाम, पारोळ्यापर्यंत मळमळ, धुळ्याला उतरलो तेव्हा पायाखालची जमीन एस.टी.सारखीच हलत होती.

गल्लीत शिरलो. डाव्या हाताला, उघड्या दारासमोर, चपलाच चपला. मी देवाचे आभार मानले आणि आत शिरलो.

मोठी खोली, सतरंजी, तिच्यावर पांढरी चादर. भिंतींना टेकून दोन्ही बाजूंना माणसं बसलेली. बरीचशी टोपीवाली, काही धोतरातली, काही पँटीतली. मला बघून एक जण सरकला आणि जागा दिली. पाण्याचा तांब्या आला. पोह्यांची बशी आली. कोणी काही विचारलं नाही. ड्रायव्हरनं सांगितलं होतं तसंच. मला वाटलं, किती चांगली माणसं आहेत ही. एवढी प्यायलेली असूनही सगळ्यांचे कपडे स्वच्छ.

आता सांगायला हरकत नाही, ती सोयरिकीची बैठक होती. मुलीकडचे धुळ्याचे, मुलाकडचे शिंदखेड्याकडचे. ज्या खोलीत मला जायचं होतं ती पुढची, गल्लीच्या टोकाची. हे मला नंतर कळलं. आणि मला कोणी काही विचारलं नाही याचं कारणही नंतर कळलं. बैठकीत आलेल्या पाहुण्याला "तुम्ही कोणाकडचे" असं विचारणं म्हणजे त्याचा अपमान. मुलीकडच्यांना वाटलं मी मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटलं मी मुलीकडचा. दोघांनीही मला मानानं बसवून घेतलं.

चहा आला. कप काठोकाठ भरलेला, बशीसकट. एका हातानं घ्यावा लागला, कारण दुसऱ्या हातात पोह्यांची बशी होती. कप वाजायला लागला. चहा बशीत, बशीतून पँटीवर, पँटीवरून पांढऱ्या चादरीवर. माझ्या समोरच्या बाजूला एक पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टातला माणूस बसला होता. तो माझ्या हाताकडं एकटक बघत होता.

मधोमध बसलेले एक वयस्कर आबा बोलत होते. "हे बघा, मागचं मनात ठेवायचं नाही. ज्याला जे सांगायचं असेल ते इथंच, सगळ्यांसमोर सांगावं. नंतर कुरकुर नको." मग चादरीवरच्या डागाकडं न बघता, मला संकोच वाटू नये म्हणूनच असेल, ते माझ्याकडं वळले. "पाव्हणं, तुम्ही आल्यापासून गप्पच. बोला, काय असंल ते मोकळं बोला."

मला वाटलं, माझी पाळी आली.

मी उभा राहिलो. उभं राहायचं असतं की नाही ते माहीत नव्हतं, शाळेत उभं राहायचो म्हणून राहिलो. म्हटलं, "मी रोज पितो. सकाळीही पितो. माझा हात थिर राहत नाही. माझ्या कोयत्याखाली जो माणूस उभा राहायचा तो आता राहत नाही. मला सोडायची आहे. मला एकट्याला जमत नाही. तुम्ही लोकांनी सोडली आहे असं ऐकलं, म्हणून मी फैजपूरहून आलो."

एवढं सलग मी आयुष्यात कोणासमोर बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर बरं वाटलं. मग लक्षात आलं की कोणी हलत नाही.

मुलीचे वडील मुलाकडच्यांकडं वळले. "हे तुमच्यातले कोण?"

"आमच्यातले? आम्हाला वाटलं तुमचे!"

"आमच्या घरात पीत नाही कोणी."

"मग आमच्या घरात पितात असं म्हणायचंय का तुम्हाला?"

आवाज चढले. कोणीतरी म्हणालं, "हा मुद्दाम पाठवलेला माणूस आहे, सोयरीक मोडायला." एक तरुण उठून माझ्या दंडाला धरायला आला. मी तिथंच रडलो असतो, पण रडायलाही सुचलं नाही. मी नुसतं म्हणत राहिलो, "चपला बघून आलो हो. चपला बघून आलो."

तेव्हा तो पांढऱ्या शर्टातला माणूस उठला. तो नवऱ्या मुलाचा मामा होता, हे सगळ्यांच्या बोलण्यातून मला कळलं. त्यानं त्या तरुणाचा हात बाजूला केला.

"सोडा त्यांना. खोली चुकलेत. मी पोचवून येतो."

मुलीचे वडील म्हणाले, "तुम्हाला कशी माहीत हो ती खोली?"

मामा दारापर्यंत गेला होता. काहीतरी सांगून त्याला निघता आलं असतं. "ऐकून आहे" म्हटलं असतं तरी कोणी पुढं विचारलं नसतं. तो थांबला, चपलेत पाय घालता घालता मागं वळला आणि म्हणाला, "मी दर रविवारी जातो तिथं. आज तुमच्यामुळं चुकला."

त्याची बहीण, म्हणजे मुलाची आई, आतल्या दारात उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला. मामा तिच्याकडं बघू शकला नाही. मला म्हणाला, "चला. उशीर होतोय."

गल्लीत आल्यावर मी म्हटलं, "अहो, माझ्यामुळं तुमच्या घरात..."

"पाणी प्यायचंय का?" त्यानं विचारलं. कोपऱ्यावरचा हापसा त्यानं हापसला आणि मी ओंजळीनं प्यायलो. मग तो म्हणाला, "फैजपूरहून कशाला आलात? जळगावलाही बसतात की."

"मला माहीत नव्हतं. आणि असतं तरी जळगावला कोणी ओळखीचं भेटलं असतं."

तो पहिल्यांदा हसला. "सगळ्यांचं तेच. तुमचे जळगावचे इथं येतात, आमचे धुळ्याचे तिकडं जातात. पारोळ्याला दोन्ही गाड्या समोरासमोर थांबतात. खिडकीतून एकमेकांना बघायचं आणि बघितलं नाही असं दाखवायचं. मी शिंदखेड्याचा, मला धुळं सोयीचं वाटलं. इथं माझे कोणी पाव्हणे नव्हते." थोडं चालून म्हणाला, "आता होणार होते."

टोकाच्या खोलीबाहेर मोजक्याच चपला होत्या. आत शाळेची बाकं भिंतीला लावलेली, मधे गोल करून बसलेली माणसं. एक शिक्षक असावा, एक रिक्षावाला खाकीत, एक दाढी वाढलेला म्हातारा. कोणी नाव विचारलं नाही. मामानं एवढंच सांगितलं, "हे नवीन आहेत. लांबून आलेत," आणि माझ्या शेजारी, जमिनीवर बसला.

चहा आला. पेले अर्धेच भरलेले होते. मला वाटलं चहा कमी पडला असेल. मग बघितलं तर किटलीत चहा होता, आणि जुन्या माणसांना रिक्षावाला भरून देत होता. अर्धा पेला फक्त मला आणि माझ्यासारख्याच दिसणाऱ्या आणखी एकाला. मी तो एका हातानं उचलला. पेला हलला, चहा हलला, पण सांडला नाही. मी मान खाली घातली, कारण डोळे भरून आले होते. हे ज्यांना सुचलं त्यांचे हातही कधीतरी असेच हलले असणार.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "माझं बोलून झालंय, शेजारच्या खोलीत." मामानं काय घडलं ते सांगितलं आणि सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. म्हातारा म्हणाला, "अरे, आम्हाला एकमेकांसमोर बोलायला जीभ उचलत नव्हती, आणि हा सोयरिकीत बोलला! ह्याची सुटणार."

मग एकेक जण बोलला. मोठं काही नाही. रिक्षावाल्यानं सांगितलं, दुकानावरून जायला नको म्हणून तो रोज लांबचा फेरा घेतो आणि सवारीला सांगतो की इकडचा रस्ता खोदलाय. शिक्षकानं सांगितलं, संध्याकाळी जीव कासावीस झाला की तो गुळाचा खडा तोंडात धरतो. मी विचारलं, "सकाळी होत असेल तर?" तो म्हणाला, "तर सकाळी." आणि सुरुवातीला अंगाला फार कापरं भरलं किंवा डोळ्यांपुढं भलतंसलतं दिसायला लागलं, तर एकट्यानं कोंडून घ्यायचं नाही, सरकारी दवाखान्यात जायचं, हे त्यांनी मला बजावून सांगितलं. तसं मला जावंही लागलं. अक्का माझ्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली, "ह्याला ताप आहे."

मी वाट बदलली. टपरीची वाट सोडून पाटचारीच्या कडेनं मळ्यात जायला लागलो. चिखल असायचा, वेळ लागायचा. मुकादम म्हणायचा, "काय रत्नागिरी, मासे धरत येतो काय?" खिशात गूळ असायचा, त्याला मुंग्या लागायच्या. आणि रविवारी धुळं. जळगावची खोली जवळ होती, तरी बरेच महिने मी धुळ्यालाच गेलो. पारोळ्याला समोरच्या गाडीत खिडकीशी बसलेल्या एखाद्या माणसाचा पेलाही दोन हातांत दिसायचा. मग आम्ही दोघंही दुसरीकडं बघायचो.

त्या सोयरिकीचं काय झालं, हे मला विचारायचं धाडस होत नव्हतं. पुढच्या रविवारी मामा आला, नेहमीच्या जागी बसला, चहा पिऊन गेला. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही बसलो असताना दारात मुलीचे वडील येऊन उभे राहिले. चपला काढल्या नाहीत, आत आले नाहीत. गोल बसलेल्या सगळ्यांकडं एकदा बघितलं, मामाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. रिक्षावाल्यानं त्यांना चहाचा पेला नेऊन दिला. त्यांनी तो उभ्यानं प्यायला, पेला उंबऱ्यावर ठेवला आणि गेले. मामाच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. पण अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास ते लग्न लागलं. मामानं मलाही बोलावलं. जेवणात आमरस होता. मला पंगतीत बसवताना वाढप्या थांबला, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि कोणाकडचे म्हणून काही न विचारता रस वाढला.

मळ्यात मी अजून खांदाच देत होतो. भाऊ दुसऱ्या जोडीत होता. सकाळच्या चहाला मात्र तो नेमका माझ्यासमोर बसायला लागला होता. मी पेल्यातूनच प्यायचो. आधी दोन हातांनी, मग एका हातानं. तो बिडी ओढत माझ्या हाताकडं बघायचा आणि उठून जायचा. मी त्याला बोलावलं नव्हतं. "थिर व्हई तवय बोलाव," असं तो म्हणाला होता, आणि माझ्या हाताबद्दल माझी खात्री होत नव्हती. माझी खात्री कधीच कशाबद्दल होत नाही.

मग एका सकाळी मी चहा बशीत ओतला. का ते ठरवून नाही. सगळे ओततात म्हणून ओतला. बशी उचलून तोंडाशी नेली, प्यायलो, खाली ठेवली. जमिनीवर थेंब नव्हता. मान वर केली तर भाऊ बघत होता.

मुकादम जोड्या लावत होता. मी कोयता मागून घेतला आणि म्हटलं, "भाऊ, तू लगेच येऊ नको. मी आधी एक-दोन घड नुसते पाडून बघतो, मग..."

तो बांधावरची गादी झटकत होता. मी फाडलेली शिवण आता जाड काळ्या दोऱ्यानं घातलेली होती, वेडीवाकडी, बायकांच्या हाताची नव्हे. त्यानं स्वतःच घातली असावी. गादी खांद्यावर टाकून तो माझ्या पुढून चालत पहिल्या खोडापाशी गेला.

मी घाव घातला. झाड वाकलं. घड त्याच्या खांद्यावर आला आणि त्यानं मान वळवून डोळे जमिनीला लावले. मी कोयता उचलला. त्याच्या कानामागची शीर मला दिसत होती. हात हलतोय का, म्हणून मी बघत राहिलो.

"काप ना," तो खालूनच म्हणाला, "खांदा दुखस."

मी कापला.